सोळाशे निघतं, उडी अडते

पत्राचा गोषवारा : पत्र लिहिणारी मुलगी साडेएकोणीस वर्षांची आहे. गाव निफाड तालुक्यातलं. बीएच्या दुसऱ्या वर्षाला असून नाशिकला मावशीकडे राहते. दहावीपासून एकच ठरवलेलं, लष्करात जायचं. अग्निवीर योजनेतल्या महिला मिलिटरी पोलीस भरतीची लेखी परीक्षा ती गेल्या वेळी पास झाली. ग्राउंडला, म्हणजे शारीरिक चाचणीला, उंची भरली, सोळाशे मीटर ७ मिनिटं ५० सेकंदांत निघालं, पण लाँग जंपला ८ फूट ७ इंचांवर अडकली. हवे होते १० फूट. अॅकॅडमीतले सर म्हणाले, "वजन उतरव, उडी आपोआप लागेल. पोरींना ताकद नसतेच, त्यांनी पळण्यावरच भर द्यावा." तेव्हापासून ती सकाळ-संध्याकाळ डांबरी रस्त्यावर पळते आणि रात्रीची भाकरी बंद केली आहे. वजन ५४ वरून ४९ वर आलं. चार महिने पाळी आलेली नाही, पण "एका अर्थी बरंच आहे, सरावात खंड पडत नाही," असं तिनंच लिहिलं आहे. नडगी दुखते. आणि उडी आता ८ फूट २ इंचांवर आली आहे. कॉलेजच्या जिमखान्यात वजनं उचलायला सुरुवात करावी असं तिला वाटतं, तर आई म्हणते, "खांदे पुरुषी झाले तर पुढं कोण पत्करणार?" वडिलांनी एक वर्ष दिलं आहे, त्यानंतर स्थळं बघणार. तिचे प्रश्न : माझ्यात ताकद नाहीच का? लष्कराचा नाद सोडून पोलीस भरतीकडे वळू का? आणि हे पाळीचं मावशीला सांगायचं का?

---

प्रिय मुली,

तुझ्या प्रश्नांचा क्रम मी बदलते. लाँग जंप, सर, आई, वडिलांची मुदत हे सगळं नंतर. आधी पाळी आणि नडगी.

चार महिने पाळी न येणं बरं नाही. शरीराला जेवढं काम दिलं तेवढं खायला मिळालं नाही, की ते काटकसर करू लागतं. पहिला काट पाळीला बसतो, कारण तिच्यावाचून तुला आज जगता येतं. पण त्याच वेळी इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक उतरतं, आणि हाडं धरून ठेवायला तेच लागतं. खाणं कमी, पाळी बंद, रोज दोन वेळ डांबरावर आपटणारे पाय आणि दुखणारी नडगी, हे चौघं एकाच ओळीतले आहेत. अशा मुलींच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर पडायचा धोका चांगलाच वाढतो. अर्थात पाळी थांबायला थायरॉइड, पीसीओडी (अंडाशयाचा विकार) अशी दुसरी कारणंही असतात, म्हणून अंदाज न बांधता स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव. डॉक्टर गरोदरपणाची चाचणीही करायला सांगतील. त्यात अपमान वाटून घेऊ नकोस, पाळी चुकलेल्या प्रत्येक बाईची ती होते. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढलास तर खर्चाचाही प्रश्न येणार नाही.

त्याच फेरीत हिमोग्लोबिन बघून घे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या रेषेखाली निघाल्या. ती रेषा १२ ग्रॅमची. रक्त कमी असलेली मुलगी तिसऱ्या फेरीला धापा टाकते, आणि आपल्याकडे तिला आळशी म्हणतात.

नडगीचं असं कर. बोटानं हाडावरून चाचपडत ये. दुखणं वीतभर पसरलेलं असेल आणि पळायला लागल्यावर थोडं सैल पडत असेल, तर ते बहुधा स्नायूंच्या ओढीचं आहे. एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणी कळ येत असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर आजपासून पळणं बंद आणि हाडांचे डॉक्टर. बारीक चीर पहिल्या काही दिवसांत साध्या एक्स-रेमध्ये दिसतेच असं नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आलाय" एवढ्यावर उठून येऊ नकोस. दुखणं कुठं, कधी आणि किती दिवसांपासून आहे, हे नीट सांग.

आता ताकदीकडे येऊ.

"पोरींना ताकद नसतेच," हे सरांचं वाक्य तू पत्रात तीनदा लिहिलं आहेस. म्हणजे ते आत बसलंय. त्यात खरं किती ते बघू. वयात आल्यावर मुलांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कितीतरी पटींनी जास्त असतं, त्यामुळे सरासरीनं त्यांचे स्नायू जास्त, खांदे-दंडांत तर फरक बराच मोठा. पायांच्या ताकदीत तो तितका नसतो. एवढं खरं. पण सराव केल्यावर आपापल्या ताकदीत शेकडा किती वाढ होते, हे पाहिलं तर बायका आणि पुरुष जवळपास बरोबरीनं वाढतात. सरांनी पहिला भाग ऐकला आणि दुसरा कुठं सांडला कोण जाणे.

शिवाय तुझी तुलना मुलांशी करायला सांगितलंय कोणी? तू लिहितेस, "मला एकसुद्धा पुल-अप येत नाही, मुलं दहा मारतात." अगं, दहा पुल-अपची बीम मुलांच्या परीक्षेत आहे. महिला मिलिटरी पोलिसांच्या ग्राउंडला बीम नाही. आजवरच्या जाहिरातींत तुमच्यासाठी तीनच गोष्टी आहेत : १.६ किलोमीटर धावणं (७ मिनिटं ३० सेकंदांत पहिला गट, ८ मिनिटांपर्यंत दुसरा), १० फूट लाँग जंप आणि ३ फूट हाय जंप. दोन्ही उड्या फक्त पात्रतेसाठी. तू पुल-अप येत नाही म्हणून रडलीस आणि कमी पडली ती उडी. ज्या परीक्षेला बसायचं तिची जाहिरात स्वतः वाचायची, रील्सवर विसंबायचं नाही, हे तुझ्यासारख्या सगळ्याच मुलींना सांगते.

तुझ्याच आकड्यांकडे बघ. वजन पाच किलोनं उतरलं आणि उडीही पाच इंचांनी उतरली. सरांचा हिशेब खरा असता तर ती वाढायला हवी होती. तुझ्या ५४ किलोत उतरवण्यासारखं काही नव्हतंच. १६३ सेंटीमीटर उंचीला ते वजन व्यवस्थित आहे. जे पाच किलो गेले त्यात स्नायूही गेले, आणि उडी स्नायूच मारतात.

दुसरं, लांब आणि सावकाश पळून पाय सावकाश लांब पळायला शिकतात. उडीला जमिनीला एका क्षणात दणका द्यावा लागतो. तो दणका आठ किलोमीटर रोज पळून येत नाही, उलट थकलेल्या पायांतून निघून जातो. म्हणून वजनं उचलायचं तुझ्या मनात आलं ते बरोबर आहे. डॉक्टरांनी पायाला मोकळीक दिली की सुरू कर. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस सोडून.

जिमखान्यात शिकवणारं कोणी असेल तर उत्तम. नसेल तर पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो गहू भर आणि उठाबशा काढ. सावकाश खाली, जोरात वर. दहा-दहाचे तीन डाव, मध्ये दोन मिनिटं बसून विश्रांती. तिसऱ्या डावातही दहावी उठाबशी सहज निघायला लागली की किलोभर गहू वाढवायचे. हेच सगळ्याचं गुपित आहे, हळूहळू वाढवत जाणं. सोबत एक पाय पुढं टाकून गुडघे वाकवणं, पायरीवर एका पायानं चढणं, ओट्याला हात लावून पुश-अप, आणि जमिनीवरची गोणी कंबरेतून न वाकता, पाठ सरळ ठेवून उचलणं. शेतावरच्या मुलीला ती कशी उचलतात हे वेगळं शिकवायला नको, फक्त आता मोजून उचलायची. फरक जाणवायला दोन ते तीन महिने लागतात. पहिल्या पंधरवड्यात काहीच होत नाहीये असं वाटेल, तेव्हा सोडू नकोस.

उडीचं तंत्र मात्र त्याच्याही आधी सुधारेल, कारण भरतीत तुला कमी पडलेल्या दीड फुटांतला बराच भाग ताकदीचा नाहीच, असा माझा संशय आहे. तू लिहितेस, "रेषेजवळ आले की पाय जुळत नाही, मग मी छोटी पावलं टाकते." म्हणजे जो वेग सोळा-सतरा मीटर पळून कमावला, तो तू शेवटच्या तीन पावलांत सोडून देतेस. यावर जुना उपाय आहे. उडीच्या रेषेवर उभी राहा, खड्ड्याकडे पाठ कर आणि उडी मारायला येताना पळतेस तशीच उलट दिशेनं पळत जा. अकरावं पाऊल कुठं पडलं तिथं मैत्रिणीला चुन्याची खूण करायला सांग. असं चार-पाच वेळा. खुणा एका हाताच्या अंतरात पडायला लागल्या की तिथून तुझी सुरुवात. मग रेषेकडे बघायचंच नाही, समोर बघायचं. उडीचा पाय कुठला? लहानपणी ज्या पायावर लंगडी जास्त वेळ टिकायची, बहुतेक तोच.

आणि उतरणं! मापाची टेप रेषेकडून वाळूतल्या सगळ्यात जवळच्या खुणेपर्यंत धरतात. टाच ९ फुटांवर पडली आणि तोल जाऊन हात मागं टेकला की माप त्या हाताच्या खुणेला. हवेत असतानाच दोन्ही हात पुढं आण, टाचा लागल्या की गुडघे सैल सोडून पुढं किंवा बाजूला पड, मागं नाही. एका दिवशी सहा ते आठ उड्या पुरे, आठवड्यातून दोनदा. तीस-तीस उड्या मारून घेणारे सर मुलींच्या घोट्यांची वाट लावतात.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. ग्राउंडला आधी पळवतात, मग उडी. ताज्या पायांनी तुझी उडी ९ फूट २ इंच जाते असं तू लिहिलंस, भरतीत ८ फूट ७ इंच गेली. मधले सात इंच सोळाशेनं खाल्ले. तेव्हा आठवड्यातली एक उडी-सराव पळण्यानंतर, दहा-पंधरा मिनिटांनी ठेव. थकलेल्या पायांनाही रेष ओळखीची झाली पाहिजे. आणि लक्ष्य १० फुटांचं ठेवू नकोस, ताज्या पायांनी साडेदहा-पावणेअकरा जायला हवं. हाय जंपचं फार मनावर घेऊ नकोस, ३ फुटांना कैचीची उडी (आधी एक पाय दांडीपलीकडे, मग दुसरा) पुरते.

पळण्याच्या चार फेऱ्यांची वेळ तू लिहून पाठवलीस, हे फार आवडलं. पहिली १ मिनिट ३५ सेकंद, मग १:५५, २:०५ आणि शेवटची २:१५. पहिल्या फेरीला सगळ्यांच्या पुढं, शेवटच्या फेरीला जीव मुठीत. ७:३० साठी दर फेरी १:५२ ची लागते, बस. म्हणजे पहिल्या फेरीत तुला आत्ताच्यापेक्षा सतरा सेकंद सावकाश पळायचंय. भोवताली सत्तर-ऐंशी मुली उधळलेल्या असताना हे अवघड आहे, मनगटावर घड्याळ आणि डोकं थंड लागतं. सरावात चारशे मीटर १:५० मध्ये, मग दोन मिनिटं चालणं, असं चार ते सहा वेळा. हे आठवड्यातून एकदा. एक दिवस पंचवीस-तीस मिनिटं गप्पा मारता येतील अशा वेगानं. एक दिवस चढ. पांडवलेणीच्या पायऱ्या त्यासाठी छान आहेत, वर पळत आणि खाली चालत. खाली पळत येऊ नकोस, नडगीला आणि गुडघ्याला तेच भोवतं. बाकी डांबर सोड. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी गर्दी असते हे खरं, पण मातीत पळायला मिळतं आणि पहाटेच्या अंधारात भोवती माणसं असतात. गंगापूर रोडला पाच वाजता एकटीनं पळण्यापेक्षा ते कधीही बरं. आठवड्यात एक दिवस काहीही करायचं नाही. अगदी काहीही.

आता जेवण, कारण यातलं काहीच उपाशीपोटी जमणार नाही.

तू दिवसभराचं खाणं लिहिलंस : सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी दोन पोळ्या-भाजी, संध्याकाळी परत चहा, रात्री वाटीभर वरण. त्यात सोमवार आणि चतुर्थीचा उपास. यावर सकाळ-संध्याकाळ पळणं! एवढ्यावर तर दिवसभर बसून अभ्यास करणाऱ्या मुलीचंही भागायचं नाही. रात्रीची भाकरी आजच परत सुरू कर. बाजरीची, नागलीची, ज्वारीची, कुठलीही. मेहनत करणाऱ्या शरीराला दर किलो वजनामागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुला साधारण पासष्ट ते ऐंशी ग्रॅम. एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत पंचवीसच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात सात-आठ. मोड आलेली मटकी, हरभरे, दूध, दही हे सगळं घरातलंच आहे. त्यासाठी अडीच-तीन हजारांचा प्रोटीन पावडरचा डबा नको. अॅकॅडमीत कुणी "ताकदीची पावडर" किंवा इंजेक्शन देऊ केलं तर थेट नाही म्हण, त्यात काय घातलंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

जेवणावर चहा घेऊ नकोस, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तासाभरानं घे. उसळीवर लिंबू पिळ, त्यानं लोह लागतं. उपासाबद्दल मी श्रद्धेच्या आड येत नाही, पण जोराच्या सरावाचा दिवस सोमवारी ठेवू नकोस, आणि साबुदाण्याच्या जोडीला दूध, दाणे, राजगिरा, खजूर हवेत.

आणखी एक विचारते, रागावू नकोस. मावशीकडे तू सगळ्यांची पानं उठल्यावर जेवतेस का? आपल्याकडे पाहुणी म्हणून राहणाऱ्या मुली संकोचानं उरलंसुरलं घेतात आणि "भूक नव्हती" म्हणतात. ग्राउंडला नापास होण्याचं हेही एक कारण असू शकतं.

सरांविषयी. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. लेखीची तयारी त्यांनीच करून घेतली, असं तूच लिहितेस. पण धावपट्टी आणि शिट्टी हातात असली म्हणजे मुलींच्या शरीराची माहिती असतेच असं नाही. त्यांना तीन गोष्टी विचार : ताकदीच्या सरावाचं वेळापत्रक आहे का, उडीचं तंत्र कोण शिकवणार, आणि दुखलं तर सुट्टी आहे का. उत्तर "पोरींना कशाला" असं आलं, तर लेखीसाठी तिथं जा आणि ग्राउंड दुसरीकडे कर. ज्या मुली आत्ता अॅकॅडमी शोधताहेत त्यांनी फलकावरचे निवड झालेल्यांचे फोटो मोजण्याआधी तिथलं स्वच्छतागृह बघावं, शिकवणारी एखादी बाई आहे का ते बघावं, आणि सगळ्यांसमोर वजन करून टिंगल होत असेल तर उलट्या पावली निघावं.

नाशिकच्या मुलीला हे सांगताना कविता राऊतचं नाव आल्यावाचून राहत नाही. सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरून आलेली मुलगी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. मला खटकतं ते हे, की तिचं नाव आपल्याकडे बहुतेक वेळा मुलींना टोचायला वापरतात : "ती अनवाणी पळाली, तुम्हाला बूट लागतात." तिच्यामागं वर्षानुवर्षांचं शिस्तशीर प्रशिक्षण होतं, विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक याच शहरात होते, ते मात्र सांगायचं राहून जातं.

आईच्या भीतीला हसू नकोस. गव्हाची सॅक पाठीवर घेऊन खांदे पुरुषी होत नाहीत. त्यासाठी जे संप्रेरक लागतं ते तुझ्या अंगात तेवढं नाही. होईल ते इतकंच की पाठ ताठ राहील आणि पायऱ्या चढताना दम लागणार नाही. पण आईच्या वाक्यातली खरी भीती खांद्यांची आहे, असं मला वाटत नाही. मुलगी चार वर्षं लांब जाणार, लग्न लांबणार, आणि परत आल्यावर गावात लोक काय बोलणार, ही ती भीती आहे. तिच्याशी त्याबद्दल बोल. अग्निवीरला अविवाहित असण्याची अट आहे आणि त्या चार वर्षांत लग्न करता येत नाही, हे आई-वडील दोघांना स्पष्ट सांग. विषय टाळत वेळ काढू नकोस. एखाद्या रविवारी आईला ट्रॅकवर घेऊन ये आणि तिच्याच हातात टेप दे. टेप धरणारी माणसं सहसा पुढच्या वेळी आपणहून विचारतात, आज किती गेली?

वडिलांच्या "एक वर्षा"बद्दल माझं मत जरा वेगळं पडेल. मुदत तुला अन्यायाची वाटते. मला ती मुदत वापरण्याजोगी वाटते, फक्त ती कशाची आहे ते ठरवून घे. "एका वर्षात निवड" असं कबूल करू नकोस, कारण ते तुझ्या हातात नाही. जागा फार थोड्या असतात. २०२१ मध्ये महिला मिलिटरी पोलिसांची पहिली तुकडी बंगळूरुहून बाहेर पडली, तेव्हा त्यात ८३ जणी होत्या. पूर्ण देशातून. तुझ्या हातात आहे ते एवढंच, की पुढच्या ग्राउंडला उडी १० फुटांच्या पुढं जावी, पदवीचं वर्ष बुडू नये आणि दुसरे दोन अर्ज भरलेले असावेत. हे कागदावर लिहून वडिलांना दे. आकडे असलेल्या कागदाशी बाप भांडत नाहीत, निदान एकदम नाही.

यातूनच पोलीस भरतीचा प्रश्न सुटतो. तू "नाद सोडून वळू का" असं विचारतेस, जणू दोन वाटा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला जातात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा आहे. उंची १५५ सेंटीमीटर. उठाबशांनी जो दणका पायात येईल तोच शंभर मीटरला लागतो आणि गोळ्यालाही, कारण गोळा हातानं सुटत असला तरी जोर पायातून येतो. आठवड्यातून एकदा गोळ्याचा सराव जोडला की तयारी एकच. केंद्रीय दलांच्या जीडी (जनरल ड्युटी शिपाई) भरतीत मुलींना १.६ किलोमीटरला साडेआठ मिनिटं मिळतात, ते तर तुझं आजच निघतं. आणि बीए पूर्ण झाल्यावर सीडीएस या लष्करी अधिकारी निवडीच्या परीक्षेतून चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अॅकॅडमीची वाट आहे. अविवाहित पदवीधर मुलींसाठी ती उघडी आहे, आणि तुझं इंग्रजी वाईट नाही, पत्रातल्या त्या दोन ओळींवरून कळतं. शिपाईपदाच्या पलीकडचा विचार तू पत्रात एकदाही केलेला नाहीस. का?

अग्निवीरची नोकरी चार वर्षांची, नंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम करतात, हेही डोळे उघडे ठेवून बघ. पदवी हातात असेल तर चार वर्षांनी बाहेर पडलीस तरी उभी राहशील. म्हणून सरावापायी परीक्षा बुडवायची नाही.

तुझ्याहून लहान मुली हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी : २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा मुलींना खुली झाली आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्यातून पहिल्या १७ जणी बाहेर पडल्या. दहावीनंतर त्या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची मुलींची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था नाशिकमध्येच आहे, २०२३ पासून. निफाड-सिन्नरच्या किती शाळांत हे सांगतात, मला शंका आहे. आणि कुठल्याही भरतीला वर्ष घालवण्याआधी भिंतीला पाठ लावून, अनवाणी, डोक्यावर पुस्तक ठेवून उंची मोजा. मिलिटरी पोलिसांना १६२ सेंटीमीटर लागतात. १५८ च्या मुलीनं दोन वर्षं तिथं झिजवू नयेत, तिच्यासाठी पोलीस आहे, केंद्रीय दलं आहेत.

पुढचे चार-सहा आठवडे तुला पळायला कदाचित मिळणार नाही आणि तुझा जीव वरखाली होईल. त्या काळात लेखीचा अभ्यास कर, पुश-अप कर, डॉक्टरांनी हो म्हटलं तर सायकल चालव. पाळी परत येईपर्यंत वजन उतरवायचा विषय बंद. आणि इंटरनेटवर बघून पाळी आणायच्या गोळ्या घेऊ नकोस. गोळीनं आलेला रक्तस्राव म्हणजे हाडांना आणि पोटाला जे मिळत नव्हतं ते मिळालं, असं होत नाही.

मावशीला सांगू का, असं तू सगळ्यात शेवटी, समासात लिहिलंस. सांग, आजच सांग. डॉक्टरकडे जाताना सोबत कोणीतरी हवं आणि डब्यात दोन भाकऱ्या नि दोन अंडी जास्त हवीत. त्या घरात या दोन्ही गोष्टी तिच्याच हातात आहेत.

तुझी,
ताई